तुफानानंतर पुळणींत सांपडणाऱ्या वस्तूंची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हणून आपण कागदपत्र, शिलालेख, ताम्रपट व नाणीं यांची गणना करतों. उत्खननांत निघणारीं खापरें व मणी यांनाहि आतां या साधनांत मानाचें स्थान मिळालें आहे. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यांत एक उत्खनन आपोआप होत असतें. त्याला ना कोणी अधिकारी, ना कोणी टिपणें घेणारा. समुद्र वाळू ओढून नेतो, किनाऱ्याची कड तोडतो आणि शेंकडों वर्षें मातीखालीं पडून राहिलेल्या वस्तु पुळणीवर मांडून ठेवतो. वादळ ओसरलें कीं गांवांतील मुलें व शहरांतून आलेले पाहुणे त्या वेंचतात. शंख, शिंपले, लाटांनीं घासून गुळगुळीत केलेल्या रंगीत कांचा, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या कपच्या यांनीं घरोघरच्या बरण्या भरतात. बरणींत गेलेली वस्तु शोभेची होते; पण ती कोठें सांपडली हें कोणी लिहून ठेवलेलें नसल्यामुळें तिची साक्ष तेथेंच संपते. ही साक्ष कशी वाचावी, ती कोठें फसवी ठरते आणि ती कशी जतन करावी, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आमचें मुख्य म्हणणें आरंभींच सांगतों. पुळणींत सांपडलेली जुनी वस्तु समुद्रानें दूरदेशाहून वाहून आणली, असा सर्वसाधारण समज आहे. कांहीं वस्तूंच्या बाबतींत तो खराहि असतो. पण कांचेचे, खापरांचे व कौलांचे तुकडे पुष्कळदां जवळच्याच जमिनींतून निघालेले असतात. असे तुकडे जेथें वारंवार सांपडतात, त्याच्या मागें एखादी जुनी वस्ती, धक्का किंवा उकिरडा समुद्र कुरतडीत असण्याचा संभव असतो. म्हणून वस्तूच्या सौंदर्यापेक्षां तिचें स्थळ अधिक मोलाचें आहे.

१. तुफान काय करतें

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाटा उंच व उभ्या असतात. त्या पुळणीवरील वाळू ओढून किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर पाण्याखालीं तिचे बांध घालतात. पावसाळा सरल्यावर येणाऱ्या लांब व ठेंगण्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. त्यामुळें एकच पुळण वैशाखांत भरलेली व श्रावणांत खालावलेली दिसते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास जे खडक, जुने पाये किंवा तांबड्या मातीचे थर उघडे पडलेले असतात, ते पुढें होळीपर्यंत पुन्हां झांकले जातात. पाहणाऱ्यास मिळणारी संधि ही एवढीच.

या नेमाच्या क्रमांत मोठें तुफान आलें म्हणजे एका रात्रींत पुष्कळ महिन्यांचें काम होतें. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं आलेलें ‘फयान’, ३ जून २०२० रोजीं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकलेलें ‘निसर्ग’ व मे २०२१ मध्यें कोंकणच्या किनाऱ्याला समांतर जाऊन गुजरातेंत शिरलेलें ‘तौक्ते’ हीं अलीकडचीं उदाहरणें सर्वांच्या स्मरणांत आहेत. वादळ आणि अमावास्या-पौर्णिमेचें उधाण हीं एकत्र आलीं तर पाणी नेहमींच्या भरतीच्या रेषेपलीकडे जाऊन किनाऱ्याची कड तोडतें. ‘निसर्ग’ आलें तेव्हां ज्येष्ठी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्या वादळानें श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर या भागांतील नारळी-पोफळींच्या बागा उन्मळून पाडल्या. झाड मुळासकट उपटलें म्हणजे त्याच्या मुळांच्या जाळ्याबरोबर खालची मातीहि वर येते. अशा खड्ड्यांतून निघणाऱ्या वस्तु समुद्रानें न हलविलेल्या असतात. म्हणून पुळणीवरील वस्तूंपेक्षां त्यांची किंमत अधिक.

पुळणीवर आलेल्या वस्तूंची वांटणी लाटा वजनाप्रमाणें करतात. साध्या वाळूचें विशिष्ट गुरुत्व सुमारें २.६५ व कांचेचें सुमारें २.५ आहे; चिनी मातीचें भांडेंहि त्याच्या जवळपासच येतें. म्हणून कांच व खापर हीं गोट्यांच्या ओळींत एकत्र सांपडतात. रत्नागिरीकडील पुळणींत जी काळी वाळू दिसते तिच्यांत इल्मेनाइट हें खनिज असतें. त्याचें गुरुत्व सुमारें ४.७. लाटांनीं हलकी पांढरी वाळू धुऊन नेली कीं हा काळा पट्टा मागें उरतो. तांब्याचीं नाणीं, शिशाच्या गोळ्या अशा जड व लहान वस्तु शोधावयाच्या त्या अशा पट्ट्यांच्या आसपास. रिकामे हलके शिंपले, सुपाऱ्या, लांकडाचे तुकडे आणि समुद्रफेस हीं भरतीनें अगदीं वर ठेवलेल्या कचऱ्याच्या ओळींत असतात.

यावरून एक मर्यादा ध्यानांत येईल. उत्खननांत खालचा थर जुना व वरचा नवा, असा क्रम लावतां येतो. पुळणींत तो लावतां येत नाहीं. तेथें पोर्तुगीज काळांतील खापर व गेल्या वर्षींची सोड्याची बाटली शेजारीं शेजारीं पडलेलीं असतात. खोलीची साक्ष पुळण देत नाहीं. ती देते किनाऱ्याच्या लांबीची, म्हणजे अमुक वस्तु कोणत्या गांवाच्या, कोणत्या बांधाच्या समोर पडते याची. कोंकणांत ही साक्ष विशेष उपयोगी आहे. कारण येथील पुळणी बहुधा दोन डोंगरी टोंकांच्या किंवा दोन खाड्यांच्या दरम्यान कोंडलेल्या आहेत. जड तुकडा तीं टोंकें ओलांडून सहसा दूर जात नाहीं. तो त्या पुळणीचा, तिच्यांत उतरणाऱ्या खाडीचा किंवा समोरच्या समुद्रतळाचा असतो.

२. वस्तूचें मूळ घर

जमिनीची कड, खाडी आणि समुद्रतळ अशीं वस्तूचीं तीन घरें संभवतात. त्यांची ओळख वस्तूच्या अंगावरच लिहिलेली असते.

तुकड्याच्या कडा धारदार असतील तर तो नुकताच मोकळा झाला आहे. कडा गोल व अंग एकसारखें खरखरीत असेल तर त्यानें लाटांत बराच काळ काढला आहे. तुटलेल्या बाजूवर कालवांचीं कवचें, खडकाला चिकटतात तसले पांढरे शंकूसारखे जीव किंवा किड्यांच्या वांकड्या चुनखडी नळ्या असतील, तर ती वस्तु फुटल्यानंतर पाण्याखालीं स्थिर पडून होती असें समजावें. कांचेच्या अंगावर मोराच्या पिसासारखे रंग दाखविणारे पातळ पापुद्रे असतील, तर ती ओल्या मातींत दीर्घकाळ पुरलेली होती. हे पापुद्रे लाटांच्या घर्षणांत फार वेळ टिकत नाहींत. म्हणून ते ज्या तुकड्यावर शिल्लक आहेत तो जवळच्याच मातींतून अलीकडे सुटला असला पाहिजे. अशा एका तुकड्याची नोंद मिळाली तर ती गुळगुळीत झालेल्या पन्नास तुकड्यांहून अधिक सांगते. दुर्दैवानें हौशी मनुष्य गुळगुळीत तुकडे उचलतो आणि पापुद्र्यांचा तुकडा मळका म्हणून टाकून देतो.

समुद्रतळावरून येणाऱ्या वस्तूंचीं उदाहरणेंहि आहेत. गोव्याजवळच्या समुद्रांत सुंची नांवाच्या खडकाळ भागांत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकांतील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा, हत्तींचे दांत, पाणघोड्यांचे दांत व चिनी भांड्यांचे तुकडे होते. अशा ठिकाणाजवळच्या पुळणींत एखादी कपची आली तर ती जमिनीची कीं बुडालेल्या जहाजाची, याचा निर्णय वर सांगितलेल्या खुणांवांचून होणार नाहीं.

फसविणारीं कारणेंहि थोडीं नाहींत. शिडाचीं गलबतें रिकामीं चालतांना तळाशीं दगड वगैरे वजन भरीत व बंदरांत आल्यावर तें टाकून देत. खाडींतील गाळ उपसून दुसरीकडे टाकला जातो. धूपप्रतिबंधक बंधारे घालतांना दगड, मुरूम व भराव बाहेरून येतो आणि त्याबरोबर परक्या गांवचीं खापरेंहि येतात. पर्यटकांच्या बाजारांत विकले जाणारे शंख पुष्कळदां दूरच्या समुद्रांतले असतात आणि कोणाच्या तरी हातून ते पुळणीवर पडतात. म्हणून एका सुट्या वस्तूवर कोणताहि सिद्धान्त उभारूं नये. तीच जात, त्याच ठिकाणीं, दोन-तीन पावसाळ्यांनंतर पुन्हां सांपडली तर ती विचारांत घ्यावी.

३. कांच

लाटांनीं घासलेल्या कांचेवर जो दुधाळ खरखरीतपणा येतो त्याचीं कारणें दोन. वाळू व गोटे यांच्या आघातांनीं तिच्यावर बारीक चंद्रकोरीसारखे खळगे पडतात, आणि खाऱ्या पाण्यांत तिच्यांतील क्षार हळूहळू निघून जाऊन वरचें अंग बदलतें. या क्रियेस कांहीं दशकें पुरतात. म्हणून कांच गुळगुळीत आहे एवढ्यावरून ती प्राचीन आहे असें अनुमान करणें सर्वथा चूक होय.

रंगावरूनहि काळ ठरत नाहीं. कारण मात्र कळतें. वाळूंत स्वभावतः असलेल्या लोहामुळें कांच हिरवट होते. लोह, गंधक व कोळसा यांच्या योगानें ती तपकिरी होते. कोबाल्टानें गर्द निळा रंग येतो. हिरवट झांक घालविण्यासाठीं मँगेनीज मिसळीत. अशी पांढरी कांच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली तर फिकट जांभळी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या बाटल्यांत हें पुष्कळ आढळतें.

काळ ठरवावयाचा तो घडणीवरून. बाटलीच्या तोंडाच्या काठावरूनहि सांचाची रेघ गेलेली असेल तर ती यंत्रावर झालेली आहे. बाटली पूर्णपणें यंत्रानें करण्याची रीत अमेरिकेंतील मायकेल ओवेन्स यानें इ. स. १९०३ मध्यें सिद्ध केली. तेव्हां असा तुकडा त्यापूर्वींचा नव्हे. रेघ मानेपाशींच थांबत असेल तर तोंड हातानें घडविलेलें आहे. जाड, गर्द हिरवी, चौकोनी बुडाची व वर रुंदावत जाणारी बाटली ही युरोपीय व्यापाऱ्यांची मद्याची बाटली. पेट्यांत खोंचून भरतां यावी म्हणून तिला चौकोनी आकार दिला जाई. मानेंत चिमटा असलेली गोटीसोड्याची बाटली इंग्लंडांत हायरम कॉड यानें इ. स. १८७२ च्या सुमारास काढली व ती आपल्या देशांत युरोपापेक्षां कितीतरी अधिक काळ चालली. तिच्यांतील गोटी सुटी सांपडली म्हणजे पुष्कळांस ती जुना मणी वाटते. पण तिला भोंक नसतें हें लक्षांत ठेवावें. आपल्याकडे पैसाफंडाचा तळेगांव येथील कांच कारखाना इ. स. १९०८ त व ओगले बंधूंचा कऱ्हाडजवळील कारखाना इ. स. १९१६ त निघाला. तेव्हां कांचेवर उठावाचीं अक्षरें असतील तर तीं किती लहान असलीं तरी उतरून घ्यावीं. कारखान्याच्या नांवावरून काळाची एक मर्यादा तरी ठरते.

खरी जुनी कांच बहुधा मण्यांच्या व बांगड्यांच्या रूपानें मिळते. मणी उजेडासमोर धरून भिंगानें पाहावा. आंतील हवेचे बुडबुडे भोंकाच्या दिशेनें लांबट असतील तर तो कांचेची नळी ओढून कापलेला आहे. ते भोंकाभोंवतीं वेढे घेत असतील तर वितळलेली कांच सळईवर गुंडाळून तो केलेला आहे. दोन्ही रीति जुन्या आहेत. पण कोणत्या स्थळीं कोणती अधिक, यावरून कारागिरी व व्यापार यांचा माग लागतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडाचें उत्खनन इ. स. १९४५-४६ मध्यें झालें, त्यांत बहामनी काळाच्या थरांत कांचेच्या बांगड्या व मणी पुष्कळ निघाले. त्या उत्खननांत भाग घेतलेल्या मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनीं पुढें भारतीय कांचेचा इतिहास लिहिला; तो इ. स. १९६९ मध्यें मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केला. पुळणींतील तुकडा थरांतून निघालेल्या अशा नमुन्यांशीं जुळवून पाहिल्याखेरीज त्याचा काळ सांगूं नये.

४. खापरें व कौलें

खापर ओळखण्यास त्याची तुटलेली कड पाहावी. चिनी पोर्सेलिनाची कड पांढरी, घट्ट व कांचेसारखी असते. ती जिभेला लावली तर चिकटत नाहीं. पश्चिम आशियांतून येणाऱ्या फिरोजी झिलईच्या भांड्यांचें अंग मऊ, पिवळसर व सच्छिद्र असून वर निळ्या-हिरव्या झिलईचा जाड थर असतो. लाटांत ही झिलई लौकर सुटते आणि उरलेला पिवळा तुकडा विटेचा म्हणून दुर्लक्षिला जातो. निळ्या नक्षीच्या तुकड्यांतहि सगळे चिनी नव्हेत. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत छापील नक्षीचीं भांडीं मोठ्या प्रमाणांवर होऊं लागलीं व तीं आपल्याकडे आलीं. कुंचल्याच्या रेषेंत रंग कमीजास्त गडद असतो; छापील नक्षींत बारीक ठिपके व रेघा भिंगाखालीं सारख्या दिसतात.

एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. घारापुरी बेटाच्या मोरेबंदर भागांत किनाऱ्यावर भरतीच्या पट्ट्यांतच मोठ्या रांजणांचे तुकडे पसरलेले आढळतात. आपल्या किनाऱ्यावर मिळणारे असे पुष्कळ तुकडे पूर्वीं रोमन मद्याच्या रांजणांचे मानले जात. पुढें रोबर्टा टॉम्बर या विदुषीनें भारतांतील अशा तुकड्यांची फेरतपासणी केली; तींत त्यांपैकीं कितीतरी मेसोपोटेमियांतील रांजणांचे ठरले. ही ओळख पटविणाऱ्या खुणांपैकीं एक म्हणजे आंतल्या बाजूस लावलेलें डांबराचें काळें पूट. हा निर्णय लहान नाहीं. त्यानें व्यापाराची दिशाच रोमकडून इराणी आखाताकडे वळते. आणि तो ज्या काळ्या पुटावर अवलंबून आहे, तें पूट हौशी मनुष्य घाण समजून घासून काढतो.

कौलांच्या बाबतींत उलट प्रकारची चूक होते. मंगळुरी कौलांच्या तुकड्यांवर ‘बासेल मिशन’ हें नांव व १८६५ हा आंकडा पुष्कळदां आढळतो. गोव्याजवळच्याच सेंट जॉर्ज नांवाच्या खडकाळ भागांत समुद्रतळाशीं अशा शिक्क्याचा बांधकामाचा माल सांपडला आहे. पण १८६५ हें त्या कारखान्याच्या स्थापनेचें वर्ष आहे, कौल भाजल्याचें नव्हे. त्यावरून वस्तु त्या वर्षानंतरची एवढेंच म्हणतां येतें. लेखांत वर्ष आहे म्हणून लेख त्याच वर्षाचा, असें आपण कागदाच्या बाबतींतहि मानीत नाहीं. मग कौलाच्या बाबतींत कां मानावें?

५. शंख-शिंपले

शिंपले हे निसर्गाचें काम आणि खापर हें मनुष्याचें, असा भेद करून इतिहासाचा अभ्यासक शिंपल्यांकडे पाठ फिरवितो. तें योग्य नाहीं. शिंपल्यांतहि मनुष्याचा हात ओळखतां येतो.

निसर्गतः मेलेल्या शिंपल्यांच्या राशींत अनेक जाती, लहानमोठे सर्व आकार, झिजलेले व पोंखरलेले असे सगळे मिसळलेले असतात. उलट तिसऱ्या, मुळे किंवा कालवें यांपैकीं एकदोनच खाण्याच्या जाती, बहुतेक पूर्ण वाढलेल्या, कडा न झिजलेल्या, सोबत राख व खापरें, अशी रास मातीच्या कडेंतून डोकावत असेल तर तो कोणाच्या तरी स्वयंपाकघराचा उकिरडा आहे. मात्र येथेंहि एक सावधगिरी हवी. कोंकणचा दगड जांभा व काळवत्री. चुनखडीचा दगड येथें नाहीं म्हटलें तरी चालेल. त्यामुळें घरें, देवळें व किल्ले यांना लागणारा चुना पुष्कळ ठिकाणीं शिंपले भाजून करीत. अशा भट्टीच्या जागींहि जळके शिंपले व राख यांचे ढीग असतात. तेव्हां चुलीची हाडें, मडक्यांच्या कांठांचे तुकडे व माशांचे कांटे सोबत आहेत कीं नाहींत, हें पाहून दोहोंत निवड करावी.

भोंक पडलेला शिंपला म्हणजे माळेंतला मणी, हा समज तर फारच पसरलेला आहे. समुद्रांतील कांहीं मांसाहारी शंख दुसऱ्या शिंपल्याला भोंक पाडून आंतला जीव खातात. हें भोंक अगदीं गोल असतें. कित्येकदां तें बाहेरून रुंद व आंत निमुळतें, जणूं सामत्यानें पाडल्यासारखें. मनुष्यानें पाडलेल्या भोंकाला दोरा घासल्याची झीज किंवा घांसून सपाट केलेली जागा असते. शंखाच्या बांगडीच्या तुकड्यावर करवतीच्या समांतर रेघा दिसतात. हा उद्योग अतिप्राचीन असून द्वारकेजवळील नागेश्वर येथें हडप्पाकालीन शंखकामाचे अवशेष निघाले आहेत. कवडीच्या बाबतींत असेंच. चलन म्हणून चालणारी कवडी मुख्यतः मालदीव बेटांतून येई व तिचें चलन विशेषतः बंगालकडे होतें. आपल्याकडे ती तुळजाभवानीच्या आराध्यांच्या व भुत्यांच्या माळेंत राहिली. आपल्या समुद्रांत कवड्यांच्या इतर जाती आहेतच. म्हणून पुळणींत कवडी मिळणें यांत नवल नाहीं. पाठ फोडून ओंवण्याजोगी केलेली कवडी मिळाली तर मात्र लिहून ठेवावी. त्याचप्रमाणें अभ्रकासारखा पातळ, चपटा व अर्धपारदर्शक शिंपला चौकोनी कापलेला मिळाला तर तो खिडकीचा असावा. गोव्यांतील जुन्या घरांत कांचेऐवजीं असे शिंपले लांकडी पट्ट्यांत बसवीत.

६. चौल व रेवदंडा

या सगळ्याचा उपयोग काय, हें एका स्थळावरून पाहूं. कुंडलिकेच्या मुखाशीं उत्तर तीरावर रेवदंडा, त्याच्या आंतल्या बाजूस चौल व समोर दक्षिणेस कोर्लईचा डोंगर असा हा प्रदेश आहे. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथांतील सेमुल्ल, टॉलेमीचें सिमुल्ल, कान्हेरीच्या लेखांतील चेमूल व अरबांचें सैमूर तें हेंच, असें सर्वसाधारणपणें मानलें जातें. अल् मसूदी हिजरी ३०४ (इ. स. ९१६) मध्यें येथें येऊन गेला. रशियन प्रवासी अफनासी निकितीन इ. स. १४६९ च्या सुमारास याच बंदरांत उतरला. पोर्तुगीजांनीं इ. स. १५२१ मध्यें येथें कोटाचें काम आरंभिलें, इ. स. १५७०-७१ मध्यें निजामशाही फौजेचा वेढा सोसला आणि इ. स. १७४० मध्यें हें ठाणें मराठ्यांच्या हातीं दिलें. उत्तरेस अक्षीचा शके ९३४ (इ. स. १०१२) चा शिलालेख व दक्षिणेस दिवेआगरचा शके ९८२ (इ. स. १०६०) चा ताम्रपट हीं मराठी भाषेचीं अत्यंत जुनीं साधनें याच किनारपट्टींतलीं होत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डेक्कन कॉलेजनें चौल येथें उत्खनन हातीं घेतलें. त्यांत सातवाहन काळापासूनचे अवशेष तसेच पश्चिम आशियांतील व चीनमधील भांड्यांचे तुकडे मिळाले. परंतु उत्खननाचे खड्डे मोजके असतात आणि वस्ती मैल-दोन मैल पसरलेली असते. नारळी-पोफळींच्या बागांखालीं, घरांच्या परसांखालीं खणतां येत नाहीं. अशा ठिकाणीं किनाऱ्याची तुटलेली कड हाच लांब चर होय. फिरोजी झिलईचीं खापरें खाडीच्या आंतल्या तीरावर दाट व समुद्राकडे विरळ, आणि निळ्या नक्षीच्या चिनी कपच्या कोटाच्या बाहेरच्या पुळणीवर दाट, असें जर नोंदींवरून आढळलें, तर अरबांचें बंदर व फिरंग्यांचें बंदर यांच्या जागा नकाशावर वेगळ्या दाखवितां येतील. प्रमाण उलट निघालें तर तेंहि तितकेंच उपयोगी. पण शंभर घरांतील शंभर बरण्यांत हे तुकडे मिसळून गेले, तर हा प्रश्न विचारण्याचीहि सोय राहणार नाहीं.

७. नोंद कशी ठेवावी

नोंदीस पांडित्य लागत नाहीं. गांव, पुळणीचें स्थानिक नांव, इंग्रजी तारीख व तिथि लिहावी. तिथीवरून उधाणाचा हिशेब कळतो. वस्तु सांपडली त्या जागेचें अंतर न हलणाऱ्या खुणेपासून पावलांनीं मोजावें. देऊळ, कोटाचा कोपरा, विहीर अशी खूण असावी, होडी किंवा झाड नसावें. ती कचऱ्याच्या ओळींत होती, गोट्यांत होती, काळ्या वाळूंत होती कीं मातीच्या कडेंतून अर्धी बाहेर होती, हें अवश्य लिहावें. हातांतल्या भ्रमणध्वनीनें जागेवरच, शेजारीं मोजपट्टी ठेवून, छायाचित्र घ्यावें. वस्तु उचलली तर प्रत्येक जागेच्या वस्तु वेगळ्या कागदांत बांधून आंत चिठ्ठी ठेवावी. गोड्या पाण्यानें हळूच धुवावी. आंतलें पूट, धातूवरचा गंज व कांचेचे पापुद्रे घासूं नयेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोजणी. किनाऱ्याचे शंभर शंभर पावलांचे भाग पाडून प्रत्येक भागांत किती तुकडे दिसले, त्यांत चिनी किती, साधीं खापरें किती, कांच किती, एवढा आंकडा न उचलतांहि लिहितां येतो. सुंदर तेवढें वेंचून केलेला संग्रह फसवा असतो. कारण त्यांत वेंचणाऱ्याची आवड दिसते, गांवाचा इतिहास दिसत नाहीं. ज्या भागांत कांहींच मिळालें नाहीं, तेथें शून्य लिहावें; तें शून्यहि पुरावाच आहे. मातीच्या कडेंत रोंवलेली वस्तु मात्र ओढून काढूं नये. तिच्याभोंवतीं थर शिल्लक असतो आणि तो वाचण्याचें काम जाणत्यांचें आहे.

कायद्याचीहि जाण हवी. जमिनींत दडलेलें, दहा रुपयांहून अधिक किमतीचें धन सांपडल्यास इ. स. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तु व नाणीं यांना इ. स. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागूं आहे. त्याच वर्षाच्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत इ. स. २००१ मध्यें शंख-शिंपल्यांच्या कित्येक जाती घालण्यांत आल्या. त्या मेलेल्या असल्या तरी बाळगणें किंवा विकणें गुन्हा होऊं शकतो. जिवंत शंख तर कधींच उचलूं नये. रिकाम्या शंखांतहि पुष्कळदां खेंकड्यानें बिऱ्हाड केलेलें असतें.

कोंकणांतील बंदरें मोजकीं आहेत आणि त्यांच्या कडा दर पावसाळ्यांत मागें हटत आहेत. जेथें धूपप्रतिबंधक बंधारा झाला तेथें कड दगडांखालीं गेली; जेथें झाला नाहीं तेथें ती पाण्यांत चालली. दोन्हीकडे पाहण्याची संधि कमी होत आहे. म्हणून प्रत्येक बंदरगांवांतील शिक्षक, कोळी बांधव, बागायतदार किंवा विद्यार्थी यांपैकीं एकानें तरी आपल्या पुळणीची एक वही घालावी व नारळी पौर्णिमेच्या आगेमागें दोन उधाणांच्या सुमारास, ओहोटीच्या वेळीं, तीच वाट चालून मोजणी करावी, अशी आमची विनंती आहे. पांच वर्षांच्या अशा दहा वह्या एकत्र ठेवल्या, तर कोठें खणावें हें उत्खनन करणाऱ्यास अंदाजानें ठरवावें लागणार नाहीं.